जागा शिल्लक नाही

“जागा शिल्लक नाही म्हणतंय,” बाबांनी फोनवर सांगितलं.

“कोण म्हणतंय?”

“तू बसवलेलं म्हणतंय. मी आपला रजिस्टर उघडायला गेलो, तर एवढं एकच वाक्य. भोवती लाल चौकट.”

तिच्यासमोर ऑफिसातल्या अकरा सर्व्हरचे अकरा आलेख हलत होते आणि शेजारच्या खुर्चीत साहेब बसले होते. एका विमा कंपनीचं कॉम्प्युटरखातं ती सांभाळायची. दिवसाला तिला असे चाळीसेक फोन यायचे, आणि त्यांतल्या एकोणचाळिसांशी ती अतिशय सौजन्यानं बोलायची.

“बाबा, नको असेल ते काढून टाका.”

“नको असतं तर मी ठेवलं कशाला असतं?”

“मग कमी हवं असेल ते काढा.”

“किती काढू?”

“जागा होईपर्यंत काढत राहा. मी रविवारी येते.”

“तुझा कुठला रविवार? गेल्या तिन्हींपैकी कुठलाही चालेल मला.”

“बाबा, मी ठेवते.”

तिनं फोन ठेवला आणि साहेबांकडे पाहून हसली. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. पण उंटावरच्या माणसाला तेव्हा आपण फार उंचावर आहोत एवढंच जाणवतं.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. चाळीस वर्षांत दुकानात फ्रेमचे दोनच प्रकार आले होते: काळी आणि जरा जास्त काळी. “चष्मा बघायला असतो, दाखवायला नाही,” असं ते गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचे. तयार झालेला चष्मा पत्र्याच्या डबीत जायचा. डब्या चाळीस, एक ते चाळीस आकड्यांच्या. चष्मा दिला की डबी रिकामी, की तीच दुसऱ्याला. कुठली डबी कुणाची ते रजिस्टरात. गिऱ्हाइकाची जन्मभर एकच ओळ: नाव, डोळ्यांचा नंबर, डबीचा आकडा. नवा चष्मा केला की त्याच ओळीतला आकडा बदलायचा. पूर्वी हे रजिस्टर वहीत होतं. वही झिजून पारदर्शक व्हायला लागली तेव्हा लेकीनंच ते कॉम्प्युटरवर चढवलं.

तीन महिन्यांपूर्वी त्या कॉम्प्युटरला कसलीशी लागण झाली, म्हणून एका रविवारी ती पेनड्राइव्ह घेऊन आली आणि सगळं पुसून तिनं लिनक्स बसवलं. बाबा पाठीमागे उभे राहून प्रश्न विचारत होते. तिच्या कामात त्यांना भारी रस.

“ही नव्या पद्धतीची फाइल सिस्टीम आहे बाबा. अख्खी यंत्रणाच मी हिच्यावर ठेवतेय. ही जुन्यावर कधी खोडून लिहीत नाही. बदल केला की तो नव्या जागी लिहिते, आणि जुनं जिथल्या तिथं.”

“मग जुनं पडून राहतं?”

“कुणी त्याला धरून ठेवलं असेल तर राहतं. दर तासाला ही सगळ्याचं एक चित्र काढून ठेवणार. स्नॅपशॉट. उद्या काही बिघडलं की चालू करताना यादीतून कालचं चित्र निवडायचं, की मशीन कालच्यासारखं सुरू.”

“म्हणजे तुझ्या आईसारखं. जुनं काही विसरायचंच नाही, आणि वेळ आली की तासासकट काढून दाखवायचं.”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. बाबा समाधानानं हसले.

त्या रविवारी तिला ऑफिसातून दोन फोन आले. पहिल्या फोनच्या नादात, जुनी चित्रं किती दिवसांनी टाकून द्यायची तो आकडा भरायचा राहिला. दुसऱ्या फोनच्या नादात तिनं यंत्रणा आणि बाबांची कागदपत्रं यांचे दोन वेगळे कप्पे केले नाहीत. सगळं एकाच कप्प्यात कोंबलं. ऑफिसात तिच्या हाताखालच्या माणसानं असं केलं असतं, तर तिनं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं असतं.

चित्रं साठत गेली. दर तासाला एक, रात्री, सुटीच्या दिवशी, न चुकता. तीन महिन्यांत त्या जुन्या, लहानशा डिस्कच्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि लाल चौकट आली.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दुकानाचं शटर अर्धं वर गेलं आणि तिथंच थांबलं. समोरच्या शिंप्याला वाटलं, चष्मेवाले वाकून काहीतरी शोधतायत. चाळीस वर्षं ते लोकांच्या चष्म्यांचे पडलेले स्क्रूच शोधत आले होते. त्यामुळे कुणी घाई केली नाही.

रविवारी ती आली. म्हणजे आधीच येऊन राहिली होती. रविवारी फक्त रविवार उजाडला.

माणसं भेटायला येत होती. जिना चढून यायची, आईसमोर बसायची, “फार चांगला माणूस,” म्हणायची, थोडा वेळ जमिनीकडे बघायची आणि उठताना दारात लेकीला गाठायची.

“ताई, ही वेळ नाही विचारायची,” शिंपी म्हणाला.

“विचारा ना.”

“माझा चष्मा तयार होता. त्यांनीच सांगितलं होतं, बुधवारी ये म्हणून.”

बुधवारीच बाबा गेले होते. शिंप्यामागून न्हावी, न्हाव्यामागून पोस्टातल्या बाई, मग गणिताचे निवृत्त सर. सर जुना चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून आले होते आणि त्यांनी प्रथम दाराजवळ टांगलेल्या कोटाला हात जोडले. खाली तेवीस डब्यांत तेवीस चष्मे होते, सगळे काळे, आणि कुठला कुणाचा ते सांगणारा एकटा कॉम्प्युटर चालूच होत नव्हता. बटण दाबलं की पडदा उजळायचा, चार ओळी यायच्या आणि सगळं थिजून जायचं.

“म्हाताऱ्या माणसानं कशाला नादाला लागावं याच्या,” मामा म्हणाला. आईचा हा धाकटा भाऊ मुक्कामालाच आला होता आणि घरातल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी त्यानं आपणहून घेतली होती. “काहीतरी भलतं दाबलं असणार भावजींनी.”

“असेल,” ती म्हणाली.

मग तिनं तेच केलं जे बाबांना शिकवलं होतं. चालू होतानाची यादी उघडली. दोन हजारांवर चित्रं. कुठलंही चाललं असतं. यंत्रणा मागच्या तारखेची आली तरी कागदपत्रं आपल्या वेगळ्या कप्प्यात आजचीच राहतात, हे तिला झोपेतही माहीत होतं. म्हणून तिनं सगळ्यात स्वच्छ दिवस निवडला: अगदी पहिला, ज्या रविवारी तिनं स्वतः सगळं बसवलं तो. वेगळा कप्पा आपण केलाच नव्हता, हे तिला जागेपणीही आठवलं नाही.

मशीन एका झटक्यात सुरू झालं. रजिस्टर उघडलं. नावं, नंबर, डब्या. मामानं टाळी वाजवली.

“याला म्हणतात शिक्षण,” तो म्हणाला. “सर, तुमची डबी चौदा!”

दोन दिवसांत अकरा चष्मे वाटले गेले. बाकीच्या बाराजणांच्या ओळीतल्या डब्या रिकाम्या निघाल्या किंवा त्यांचं नावच सापडेना. त्यांना मामानं जिन्यातूनच परत पाठवलं. “भावजींनी लिहायचं राहून गेलं असणार,” तो प्रत्येकाला सांगायचा. ती ऐकायची आणि पुढची डबी उघडायची.

आता त्या अकरांचं काय झालं ते सांगायला हवं. नवा चष्मा घेऊन अंधुक दिसतंय म्हणणाऱ्याला बाबा एकच उत्तर द्यायचे: “चार दिवस डोळ्यांना सवय होऊ द्या.” आणि हा तर गेलेल्या माणसानं केलेला शेवटचा चष्मा. तक्रार करणार कोण, आणि कुणाकडे? माणसं निमूटपणे सवय करून घेऊ लागली.

शिंप्यानं एका बँक मॅनेजरचा कोट शिवला. डावी बाही तीन बोटं आखूड. मॅनेजर आरशासमोर बराच वेळ आपला हात तपासत राहिले. पोस्टातल्या बाईंनी तीन नंबरची पत्रं आठ नंबरला धाडली आणि आठची तीनला. एक जुळत आलेलं लग्न त्यामुळे मोडलं आणि एक मोडलेलं भांडण पुन्हा जुळलं. न्हाव्याकडे तिसऱ्या दिवसानंतर कुणी जाईना. सर नसलेली पायरी चढले आणि असलेली चढले नाहीत, गुडघ्याला पट्टी बांधून ते बाकावर बसून राहिले, आणि विचारलं तर म्हणाले, “चष्मा उत्तम आहे. माझेच डोळे जुने.”

पण चार दिवस संपले, आठ झाले, आणि दयेला धार चढली.

“शेवटी शेवटी हात चालत नसणार बिचाऱ्यांचा.”

“हात कसला, नजरच गेली असणार. चष्मेवाल्याचीच नजर! सांगतो कुणाला?”

“माझा मागचा चष्माही मला जरा तसाच वाटायचा.”

कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या नव्या चकचकीत दुकानवाल्यानं दारात फलक लावला: कुठल्याही दुकानाचा चष्मा मोफत तपासून मिळेल. खाली त्याच्या समजुतीप्रमाणे फार नाजूकपणे लिहिलं होतं: संबंधितांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

चाळीस वर्षांत एकदाही चुकीचा चष्मा न दिलेल्या माणसाचं नाव आठ दिवसांत धुळीला मिळालं. ते तिला बाजारात ऐकू आलं, जिन्यात ऐकू आलं, आणि मग घरातही.

“मलाही वाटायचं गं,” आई भाजी निवडता निवडता म्हणाली. “थकले होते ते. त्या शेवटच्या दिवशी दुपारभर त्या मशीनपुढे बसून होते. मध्येच विचारायचे, ‘हे काढू का? हे काढू का?’ मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. मला काय कळतंय त्यातलं. तेव्हाच डोकं चालेनासं झालं असेल का त्यांचं?”

“काय काढत होते?”

“मला काय माहीत. म्हणाले, लेकीनं सांगितलंय.”

ती खाली दुकानात गेली. मशीन लावलं. चष्मे वाटले त्या दुसऱ्या दिवशी तिनं केलेल्या खुणा रजिस्टरात नव्हत्या. पहिल्या दिवशीच्याही नव्हत्या. हे चित्र नुसतं वाचायचं होतं; त्यावर लिहिलेलं मशीन बंद केलं की वाफ होऊन जात होतं. मग तिनं रजिस्टरातली शेवटची नोंद पाहिली. तीन महिन्यांपूर्वीचा रविवार. बाबांनी तीन महिने एक अक्षर लिहिलं नाही असं कसं होईल?

आणि मग तिला त्या रविवारचा दुसरा फोन आठवला, आणि न केलेला वेगळा कप्पा.

म्हणजे तिनं माणसांना तीन महिन्यांपूर्वीच्या डब्यांचे आकडे सांगितले होते आणि आजच्या डब्यांतले चष्मे दिले होते. सरांना डबी चौदातला चष्मा दिला तो न्हाव्याचा होता, की बाईंचा, देव जाणे. दिव्याखाली अंधार म्हणावा, तर इथं दिवा लावणारीच अंधाराला कारण.

आता खरी यंत्रणा उठवायला हवी होती. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून तिनं त्या भरलेल्या डिस्कच्या आत शिरून बघितलं. टाचणी ठेवायला जागा नव्हती. जुनी चित्रं पुसायला गेली, तर उत्तर आलं: पुसण्यासाठी पुरेशी जागा नाही. पुसलं हेसुद्धा ही फाइल सिस्टीम नव्या जागीच लिहिणार होती. कचरा काढण्यापूर्वी कचऱ्याची नोंद, आणि नोंदवहीला पान नाही. सरकारी कारभारही इतका तर्कशुद्ध नसतो.

उपाय तिला माहीत होता. दुसरा रिकामा पेनड्राइव्ह लावायचा, तो त्या डिस्कलाच जोडून द्यायचा, म्हणजे घटकाभर दोघं मिळून एकच डिस्क होतात. त्या उसन्या जागेत पुसापुशी करायची आणि मग तो पुन्हा सोडवायचा. तिनं जोडला. पुसायला सुरुवात केली आणि पाणी प्यायला वर गेली. खाली आली तेव्हा पडदा गोठला होता आणि मामा बाकावर बसून पेनड्राइव्हचं टोपण लावत होता.

“दोन दोन कशाला लावून ठेवलेस? वीज खातात,” तो म्हणाला. “एक काढला बघ मी.”

“मामा, तू डिस्कचा अर्धा भाग उपटलास.”

“एवढासा?”

“एवढासाच.”

“मग परत लाव ना! त्यात तोंड कशाला एवढं करतेस?”

गंमत म्हणजे तेवढंच करायचं होतं. फक्त ते करून अख्खी डिस्क तपासून घ्यायला तीन तास गेले. आणि ते तीन तास वाट बघताना, उरलेली चित्रं पुसण्याआधी एकदा, तिनं शेवटच्या दिवसाची चित्रं उघडून पाहिली.

दर तासाला एक. बाराला तिचा फोन झाला होता. एकच्या चित्रात सगळं होतं. दोनच्या चित्रात गाण्यांचा फोल्डर नव्हता. त्यांनी वर्षानुवर्षं रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी. तीनच्या चित्रात आईबरोबरच्या एकुलत्या एका प्रवासाचे फोटो नव्हते. चारच्या चित्रात नव्यानं काहीच कमी झालेलं नव्हतं. त्या तासात ते बहुधा नुसते बसले असावेत. पाचच्या चित्रात मित्राची पत्रं नव्हती. आणि सहाच्या चित्रात ‘ठकी’ नावाचा फोल्डर नव्हता. ठकी म्हणजे ती. आत तिचे शाळेतले निबंध होते. वह्या विरायला लागल्या म्हणून बाबांनी एका बोटानं टाइप करून ठेवलेले, तिच्या चुकांसकट.

गिऱ्हाइकांच्या रजिस्टराला त्यांनी हात लावला नव्हता. ते मात्र लोकांचं होतं.

आणि प्रत्येक चित्राशेजारी शिल्लक जागेचा आकडा होता. एकला शून्य. दोनला शून्य. सहाला शून्य. काढलेलं काहीच गेलं नव्हतं. तासातासाची चित्रं ते घट्ट धरून बसली होती, म्हणून जागाही होत नव्हती. बाबा सकाळपर्यंत हयातभर ठेवून दिलेलं सगळं टाकत राहिले असते तरी ती लाल चौकट हलली नसती. ते त्यांना सांगायला कुणी हवं होतं. आणि हे सगळं शाबूत आहे, हेही.

तिनं ते चारही फोल्डर बाहेर काढून ठेवले. मग चित्रं पुसली, एकेक करून, आणि मशीन बंद करून पुन्हा लावलं. या वेळी ते थेट उठलं, आजच्या तारखेला. रजिस्टरात तेवीसच्या तेवीस नावं होती आणि प्रत्येकापुढे डबी. एकही चूक नव्हती. तिनं पुन्हा पाहिलं. नव्हती.

संध्याकाळी तिनं तेविसांना दुकानात बोलावलं. “चष्म्यांची थोडी अदलाबदल झालीय,” असा निरोप दिला. झालीय. कुणी केली हे निरोपात नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी जात होती, आणि दोर चोराच्या हातात होता.

दुकान गच्च भरलं. ज्यानं त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुढे केला, आणि घटकाभर दुकानात कुणालाच कुणी दिसेना. ती डबीचा आकडा वाचत होती, मामा चष्मे पोचवत होता.

“अरे वा!” शिंप्यानं चष्मा चढवला. “भिंतीला भेगा आहेत की!”

“त्या पहिल्यापासून आहेत,” न्हावी म्हणाला. “आणि मॅनेजरच्या कोटाची बाही आखूड आहे.”

“तुझ्या गिऱ्हाइकाचा कान नाही आखूड झाला तो?”

पोस्टातल्या बाई हसल्या, मग सगळेच हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा दुकानात हसणं झालं. कुणी म्हणालं, बरं झालं बाई मिटलं. कुणी म्हणालं, कोपऱ्यावरच्या फलकाला आता कुलूप. शिंपी पुढे आला आणि तिच्या हातावर हात ठेवून फार मायेनं म्हणाला, “ताई, मनाला लावून घेऊ नका. चाळीस वर्षांत एक चूक. शेवटची. आम्ही सगळ्यांनी माफ केली त्यांना.”

“केली, केली,” सगळे म्हणाले. जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आईनं पदरानं डोळे टिपले आणि मान हलवली. तिनंसुद्धा माफ केलं होतं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. ते तिला उत्तम जमायचं.

“बाबांचं काही चुकलं नव्हतं,” ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. बाकावर बसलेल्या सरांनी कानामागे हात धरला.

“काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल गं. दिसायला लागलंय मला, ऐकू अजून येत नाही.”

जे तिला जन्मात एकदा म्हणता आलं नव्हतं, ते आता दोनदा म्हणायचं होतं, आणि दुसऱ्यांदा ओरडून.

“बाबांचं काही चुकलं नव्हतं, सर! डब्या बरोबर होत्या. नंबर बरोबर होते. रजिस्टर बरोबर होतं. मशीन मी बिघडवलं आणि चष्मेही मीच चुकीचे दिले. त्यांनी मला फोन केला होता, आणि मी त्यांना काढून टाका म्हणून सांगितलं. त्यांनी काढलं. काढायची काही गरज नव्हती. मी एकदा येऊन बघायला हवं होतं.”

सगळे तिच्याकडे बघत होते, तेवीसच्या तेवीस, आपापल्या चष्म्यातून, अगदी स्पष्ट.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “बाबा, माझं चुकलं.”